मशीनचं गाव

मोहनदादा चहा संपवायचे आणि रिकामा कप उलटा करून बुडाखालचं वाचायचे. "हेचो गाव खंयचो?" कप असो, छत्री असो, पोरांचं कंपासपेटीतलं शार्पनर असो, आधी गाव. वस्तू परदेशी निघाली की तोंड कडू. दोनदा आमचे नगरसेवक झाले, पण नाल्यांपेक्षा आयातीवरच जास्त बोलायचे. लोक हसायचे. मीही हसायचे, खोटं कशाला बोलू?

चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत माझा गाळा. प्लास्टिकच्या डब्यांची झाकणं बनवायची. मशीन एक, कामाला बायका सहा. दसऱ्याला गाळ्यागाळ्यात मशीनची पूजा, आणि हळदीकुंकू वाहायला दादा हजर. पण आधी मशीनवरची पाटी वाचणार. परदेशी असेल तर हात मागे. शेजारच्या गाळेवाल्याचा असा भर पूजेत अपमान केला. तो बिचारा म्हणाला, "दादा, याच्यावरच पोट भरतं ना!"

"भरू दे की. व्यापाराला कोण नाही म्हणतो? पण पाहुण्याला पानावर बसवतात रे, चूल त्याच्या ताब्यात देत नाहीत."

पुढे परदेशातून झाकणं यायला लागली, ती आमच्या नुसत्या कच्च्या प्लास्टिकच्या भावात. जुनं मशीन रडतखडत चालायचं. गाळ्याला कुलूप लावायचं नाहीतर मशीन बदलायचं, तिसरा रस्ता नव्हता. मी जुनं भंगारात घातलं आणि वापरलेलं परदेशी मशीन आणलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी जुन्याची काढून ठेवलेली देशी पाटी या मशीनवर बसवली. बायका बघत होत्या.

दादा आले. पाटी वाचली, बोट फिरवलं, हळदीकुंकू वाहिलं, डोकं टेकवलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. वर सभांमधून सुरू, "जा, आमच्या सुनंदाचा गाळा बघा! देशी मशीन, सहा बायका कमावतात, मान ताठ!" दर दसऱ्याला तेच. दर दसऱ्याला मी ठरवायचे, आज सांगून टाकू. आणि प्रसाद हातावर ठेवून गप्प बसायचे.

मग दादांच्याच पक्षाने त्यांना बाजूला केलं. 'जमाना बदललाय, जरा सांभाळून बोला,' म्हणाले. दादा कसले सांभाळतात! तिकीट गेलं, माणसं गेली. एकेक गाळा बंद पडून परदेशी मालाचं गोडाऊन झाला. दादा एकटेच वसाहतीतून फिरायचे, खोक्यांवरची गावं वाचत. बघवत नसे.

शेवटी अंथरुणाला खिळले. भेटायला गेले, तर हाताची नुसती काडी झालेली. मला राहवलं नाही.

"दादा, माझं मशीन देशी नाही. मी पाटी बदलली होती."

"ठाऊक आसा गो बाय." भिंतीकडे बघत म्हणाले. "पाटीला चार भोकं, तू स्क्रू मारलेस दोन. पहिल्याच वर्षी दिसलं."

"मग बोलला का नाहीत?"

"त्या सहाजणी मागे उभ्या होत्या. कुंकवाला हात मागे घेतला असता, तर त्यांच्या तोंडाकडे कसा बघणार होतो?" मग भिंतीवरची नजर माझ्याकडे वळवली. "सभेत मात्र खोटं बोललो. तेवढं सलतंय."

मला रडू फुटलं. माझं पाप त्या माणसाने इतकी वर्षं आपल्या जिभेवर वागवलं होतं.

दसऱ्याच्या आधीच ते गेले.

त्या दसऱ्याला मी पाटी काढली. खाली परदेशी नाव कोरलेलं होतं, अक्षरांत रिकाम्या भोकांतून उतरलेलं जुनं कुंकू घट्ट बसलेलं. त्यावरच नवं वाहिलं. सहाजणींतली शकू घाबरून म्हणाली, "ताई, कुणी बघितलं तर?"

म्हटलं, "बघणारा गेला गं."

आणि तरीही आम्ही सातजणी दाराकडे बघत उभ्या राहिलो.