तिसऱ्या तक्रारीपर्यंत टेबल माझं

नखांच्या टेबलवर किस्से साठतात, याचं कारण अगदी साधं आहे. समोरच्या बाईचे दोन्ही हात आपल्या ताब्यात असतात. तिला फोन घेता येत नाही, चहाचा कप उचलता येत नाही, नाकावर माशी बसली तर हाकलताही येत नाही. मग ती बोलते. तासाभरात सासू, सोसायटी, मुलाचे मार्क, सगळं होऊन जातं. पण आज सांगतेय ते किस्से समोरच्या खुर्चीतले नाहीत, माझ्या खुर्चीतले आहेत. त्यातले निम्मे घडत होते तेव्हा मला अजिबात हसू आलं नव्हतं.

नऊ वर्षांपूर्वी मी डोंबिवलीत एका पार्लरमध्ये नखं करायचे. पावडर आणि लिक्विड कालवून बनवायची ती ॲक्रिलिकची नखं, डोकं धरणारा वास यायचा त्यांना. दिवस राहिले तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या वासापासून लांब राहा. मी लांब राहिले ती नऊ वर्षं. कुणी विचारलं, तुम्ही काय करता, तर सांगायचे, "पूर्वी नखं करायचे." त्यातला 'पूर्वी' दर वेळी टोचायचा.

मुलगी चौथीत गेली आणि मी मिनलला फोन केला. मिनल माझ्याच हाताखाली शिकलेली. आता ठाण्यात वर्तकनगरला तिचं स्वतःचं सलोन आहे, तीन टेबलं, एसी, भिंतीवर रंगांच्या दोनशे बाटल्या. भेटायला गेले तेव्हा तिनं चहा मागवला आणि मग शांतपणे म्हणाली, "ताई, एक महिना टेबलवर बस. तीन तक्रारी आल्या तर मग डेस्क सांभाळायचा. फोन घ्यायचे, अपॉइंटमेंट द्यायच्या. वाईट वाटून घेऊ नकोस, मी सगळ्यांना हेच सांगते."

डेस्कचं काम वाईट नाही. पण त्यासाठी मी कोपरहून ठाण्याला येणार नव्हते. मला टेबलच हवं होतं.

*

पहिल्याच दिवशी शोभा झाली.

बाजूच्या टेबलवर कल्याणची सानिका बसते. वय तेवीस, हात असा चालतो की बघत राहावं. तिनं मला आदल्या दिवशी सगळं शिकवलेलं. आता जेलचा जमाना आहे. बेस लावायचा, हात लॅम्पमध्ये, साठ सेकंद. रंग लावायचा, हात लॅम्पमध्ये, साठ सेकंद. वहीत लिहूनही घेतलं होतं मी.

पहिली क्लायंट बसली. बँकेतली मुलगी, घाईत होती. बेस झाला, रंग झाला. रंग इतका सुरेख बसला की मला भरून आलं. आणि त्या आनंदात मी तिचा हात वर घेतला आणि पाचही बोटांवर छान लांब फुंकर मारली.

ती हाताकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. "मॅडम," ती म्हणाली, "चहा नाहीये तो."

सानिकानं मास्क डोळ्यांपर्यंत ओढून घेतला. हसत होती हे तिच्या खांद्यांवरून कळत होतं. नंतर मला बाजूला घेऊन समजावलं, "ताई, जेल हवेनं वाळत नाही, लॅम्पच्या उजेडातच पक्कं होतं. तू सकाळपासून संध्याकाळपर्यंत फुंकलंस ना, तरी ते तसंच ओलं राहील."

डेस्कमागून मिनल बघत होती. ती हसली नाही, त्याचीच मला जास्त भीती वाटली.

*

फुंकर सुटली, पण खरी भीती होती ती ड्रिलची. जुनं जेल काढायला आता छोटं मशीन वापरतात, पेनासारखं धरायचं, टोक गरगर फिरतं. आमच्या वेळी सगळं काम हातातल्या फाइलनं व्हायचं. जरा जोर जास्त झाला की नखाला चटका बसतो, आणि चटका म्हणजे तक्रार.

चौथ्या दिवशी मी पहिल्यांदा ते मशीन हातात धरलं, आणि समोर नेमकी कोण बसावी? दातांची डॉक्टर.

मशीन सुरू झाल्या झाल्या ती म्हणाली, "स्पीड जास्त आहे."

मी कमी केला.

"आता कमी झाला. घसरेल."

मी वाढवला. कपाळावर घाम. एसी चालू होता, तरी घाम.

"मनगट टेकवा," ती म्हणाली. "हवेत धरू नका. मी पण शिकताना हवेतच धरायचे. एका काकांनी माझं बोट चावलं, तेव्हापासून टेकवते."

मी मनगट टेकवलं. हात खरंच स्थिर झाला. चार नखं झाली, आता अंगठा. मी तिला विचारलं, "दुखलं तर सांगाल ना?"

"मी पेशंटला सांगते, दुखलं तर डावा हात वर करा," ती म्हणाली. "पण माझा डावा हात तुम्ही धरलाय."

तिला दुखलं नाही. बाहेर पडताना मिनलला सांगून गेली, "नवीन आहेत, पण ऐकतात." एकवीस वर्षांची होते तेव्हापासून नखं करणारी मी, त्या दिवशी नवीन म्हटल्याचा आनंद घरी घेऊन गेले.

*

पहिली तक्रार आली ती पितळी डबीतून.

सलोनच्या मागच्या कॉलनीत एक निवृत्त शिक्षिका राहतात. आम्ही त्यांना बाईच म्हणतो. बाहत्तराव्या वर्षी सुनेनं हट्ट करून त्यांना नखं करायला पाठवलं होतं. बाई ताठ बसल्या, परीक्षेला बसल्यासारख्या. मी मन लावून काम केलं. आधी तेल लावून बोटांना मस्त मालिश केलं, कारण आमच्या वेळी मालिशशिवाय कुणी टेबल सोडायचं नाही. मग नखं चिकटवली, फिकट गुलाबी रंग. बाई खूष होऊन गेल्या.

तिसऱ्या दिवशी दार उघडून बाई आत आल्या, सरळ माझ्या टेबलाशी. पर्समधून डबी काढली, झाकण उघडलं, माझ्यापुढे सरकवली. आत दहा नखं.

"मोजून घ्या," बाई म्हणाल्या. "दहाच्या दहा आहेत. दोन भाताच्या पातेल्यात सापडली, एक उशीखाली. वस्तू हरवायची सवय नाही मला."

सानिका डबीत डोकावली आणि हळूच म्हणाली, "ताई, तेल आधी लावलंस?" आधी लावलं होतं. तेलकट नखावर काहीच धरत नाही, ते सगळं शेवटी लावायचं असतं. हे मला वहीत कुणी लिहून दिलं नव्हतं, कारण ते कुणी विसरेल असं कुणाला वाटलंच नव्हतं.

मिनल उठून आली. बाईंनी तिच्यासमोरच मला विचारलं, "चूक कोणाची?"

"माझी."

"छान," बाई म्हणाल्या. "चाळीस वर्षं शिकवलं, पहिल्या झटक्यात हे उत्तर क्वचित मिळालं." आणि दोन्ही हात पुन्हा टेबलवर ठेवून बसल्या.

मिनलनं डेस्कवरच्या कॅलेंडरवर एक बारीक रेघ मारली. रेघ म्हणजे काय हे मला विचारावं लागलं नाही.

*

दुसरी रेघ आली ती बाळकुमहून.

तिथली कोळ्यांची मुलगी, तन्वी, लग्नाची नखं करायला आली. तिला पांढरी टोकं हवी होती, वर नाजूक खडे. मी सगळं विचारलं. लग्न कधी, शालूचा रंग कोणता, अंगठी कोणत्या बोटात. हळद कधी, हे मात्र विचारलं नाही. आमच्या वेळी नवऱ्या लालभडक नखं लावायच्या, त्यांना हळदीनं काय होणार? आणि बाळकुमची हळद म्हणजे गालाला बोट लावून होत नाही. मुलीला डोक्यापासून पायापर्यंत माखतात.

लग्नाच्या दिवशी दुपारी सलोनचा फोन वाजला. पलीकडे फक्त रडणं. पांढरी टोकं पिवळीजर्द झाली होती.

मी लॅम्प, फाइल, चार रंग पिशवीत कोंबले आणि रिक्षा पकडली. वाटेत एकच विचार, मुहूर्त संध्याकाळचा आहे, माझ्याकडे दोन तास आहेत, आणि ही दुसरी.

घरात पाय ठेवायला जागा नाही. प्रत्येक प्लगवर माळा, स्पीकर आणि कुणाचा तरी मोबाइल. शेवटी देवघराशेजारचा प्लग मिळाला. तन्वीचे डोळे सुजलेले, हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा. आणि तोच चुड्याचा हात मला लॅम्पच्या चिंचोळ्या तोंडातून पुन्हा पुन्हा आत सरकवायचा होता. पहिल्यांदा घातला तेव्हा काचेचा आवाज झाला. भोवती बसलेल्या पाच बायका एकदम म्हणाल्या, "बांगडी वाढवू नको गो!"

मी एकेक बांगडी सांभाळत काम केलं. वरचा थर घासून काढला, पण पिवळेपणा आतपर्यंत उतरला होता. आता वर गडद रंगच चढवायला हवा होता. तन्वी पुन्हा रडायला लागली, तिला पांढरीच हवी होती.

तेव्हा तिची आई आतून आली. हाताला मासळीचा वास, कपाळावर हळद. लेकीची बोटं धरून नीट बघितली आणि म्हणाली, "रडतं काय गो? हलद लागलेली पोर हाय, नखा पिवली होनारच. पांढरी राहिली असती त सासरची बोलली असती, पोरीला हलद कमी लावली." मग माझ्याकडे वळून, "लाल लाव. आनि जेवून जा."

मी लाल लावली. सगळ्या बांगड्या शाबूत राहिल्या. जेवूनही आले. परतल्यावर मिनलला वाटेल की मी सगळं निभावून आले, अशी माझी समजूत. ती फक्त म्हणाली, "नवरी रडली ना, ताई?"

दुसरी रेघ.

*

शेवटचे दहा दिवस मी माणसांची तोंडं बघितलीच नाहीत. दार उघडलं की आधी हात बघायचे. हात मागे लपवलेले असले की मी खुर्चीतून अर्धी उठायचे.

एका संध्याकाळी सलोनमधून निघाले, नाक्यावर भाजीची गाडी. एक बाई भेंडी निवडत होती. एकेका भेंडीचं टोक अंगठ्याच्या नखानं मोडून बघायचं, कोवळी असेल तर घ्यायची. तो अंगठा मी ओळखला. जांभळा रंग, परवाच केलेला. मोडली भेंडी, कट्. दुसरी, कट्. प्रत्येक कट् सरळ माझ्या काळजात. नख उचकटलं की उद्या सकाळी ती माझ्या टेबलाशी, आणि मी डेस्कवर.

"अहो, नखानं भेंडी मोडू नका!" मी रस्त्यावर ओरडले.

बाई दचकून बाजूला झाली. भाजीवाल्यानं मात्र माझ्याकडे असं बघितलं, जणू त्याला कित्येक वर्षांनी आपलं माणूस भेटलं असावं.

"ताई," तो म्हणाला, "उद्यापासून इथंच उभ्या राहाल का?"

*

महिन्याचा शेवटचा दिवस. दोन रेघा, तिसरी नाही. पण मिनल काही बोलली नव्हती. दुपारी रजिस्टर बघितलं, माझ्या नावासमोर चार वाजता एक अपॉइंटमेंट होती, क्लायंटचं नाव नव्हतं. पुढच्या महिन्याच्या पानांवर माझं नावच नव्हतं.

चार वाजता मिनल डेस्कमागून उठली आणि माझ्यासमोर येऊन बसली.

तुम्हाला सांगते, मिनल नखांच्या सलोनची मालकीण, पण तिची स्वतःची नखं कायम आखूड आणि कोरी. कुणाकडून करून घेत नाही. सानिका दोन वर्षं तिथं आहे, तिलाही कधी हात दिला नाही. सानिकाचं मशीन चालता चालता बंद झालं.

"लाल," मिनल म्हणाली. "साधा."

मी उजवा हात घेतला. तेल नाही. मनगट टेकवलं. नख घासलं, पुसलं, बेस, लॅम्प, साठ सेकंद. सगळ्या क्लायंट बोलतात, हीच बोलत नव्हती. मी रंगाचा ब्रश उचलला.

"हात थरथरतोय तुझा," ती म्हणाली.

"हो."

"मला शिकवायचीस तेव्हा नव्हता थरथरत."

"तेव्हा तुझा थरथरायचा."

मी अंगठा रंगवला, तर्जनी, मधलं बोट, अनामिका. ब्रश करंगळीकडे नेला आणि डेस्कवरचा फोन वाजला.

दोनदा वाजला. तीनदा. सानिका जागची हलली नाही. मिनलही नाही. ती माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, यापुढे फोन घेणं हेच माझं काम, हेच सांगायचंय तिला. मी ब्रश बाटलीत ठेवला आणि फोन घ्यायला उठले.

"बस," मिनल म्हणाली.

ती स्वतः उठली. उजव्या हातावर रंग कच्चा होता, तो वर धरून चालत डेस्कपर्यंत गेली आणि डाव्या हातानं फोन उचलला.

"हॅलो. हो, बोला ना." पलीकडची बाई काहीतरी लांबलचक विचारत होती. मिनल ऐकत राहिली. "कोण, ताई? आहेत की. उद्या आहेत, परवा आहेत. कुठं जातायत त्या?"

मग फोन ठेवून परत आली, खुर्चीत बसली आणि हात माझ्यापुढे केला.

"करंगळी राहिलीय," म्हणाली.