अस्तरातले नवे टाके

कुणी दारात आलं की इर्मगार्ड नेस्लर आधी त्याच्या गुंड्या पाहायची, चेहरा मागाहून. चेहऱ्याला हसायला शिकवता येतं, गुंडीला नाही, असं तिचं म्हणणं. आमच्या विणकरांच्या गावात चर्चमागच्या गल्लीत तिचं कपडे दुरुस्तीचं दुकान होतं. तिथे कोट टाकायला गेलेला माणूस कोटाबरोबर स्वतःचीही तपासणी करून घेऊनच बाहेर पडे. पोरं तिला मागून 'सीमा-तपासणी' म्हणत. तिला ते माहीत होतं आणि मनातून आवडतही असावं.

हा स्वभाव काही आईच्या पोटातून आलेला नव्हता. युद्धाच्या शेवटच्या वसंतात सोळा वर्षांच्या पोरांनाही बंदुका देत सुटले होते, तेव्हा तिच्या आईनं तिच्या भावाला, आर्नोला, शेळ्यांच्या गोठ्यावरच्या गवतात लपवलं. एका सकाळी दोघे गणवेशवाले आले. त्यांनी घर धुंडाळलं नाही, कुणाला काही विचारलं नाही. सरळ गोठ्यात गेले, शिडी लावली आणि आर्नोला खाली उतरवलं. तो परत आला नाही. "कोणी सांगितलं?" एवढं एकच आई मरेपर्यंत विचारत राहिली. आईमागे इर्मगार्डला दोन गोष्टी मिळाल्या: पायानं चालवायचं शिवणयंत्र आणि हा प्रश्न. युद्धाचा तिला राग होताच, पण खरं सांगायचं तर सांगणाऱ्याचा त्याहून जास्त होता.

म्हणून पास्टर ब्योमिगनी चर्चच्या मागच्या खोलीत सोमवारचं शांतता-मंडळ सुरू केलं, तेव्हा ती गेली, पण पाठ भिंतीला लावून बसली. मंडळात मेणबत्ती लावत, इकडच्या आणि पलीकडच्या दोन्ही बाजूंच्या क्षेपणास्त्रांना सारख्याच शिव्या घालत, मग प्रार्थना. तिथे सगळ्यांनी सगळ्यांना अरे-तुरे करायचं असा रिवाज होता. पन्नाशी उलटलेल्या बाईला मिसरूड न फुटलेली पोरं "ए इर्मगार्ड, जरा सरक की" म्हणत. पहिल्या दिवशी तिचे कान तापले, पण महिन्याभरात तीच पोरांना "अरे गाढवा" म्हणू लागली.

तिचं खरं काम बिल्ल्यांचं. तलवार ठोकून नांगराचा फाळ करणाऱ्या लोहाराचं चित्र छापलेले गोल कापडी बिल्ले तेव्हा पोरं बाहीवर लावत. कागदावर काही छापायचं तर सरकारी परवाना लागे, कापडावर छापलं तर ते नुसतं कापडकाम. आमच्याकडे पळवाटसुद्धा शिवूनच काढायची! पुढे शाळेत आणि रस्त्यावर पोलीस ते बिल्ले कापायला लावू लागले आणि पोरं बाहीला गोल भोक घेऊन हिंडू लागली. इर्मगार्डनं त्या भोकांच्या कडा काजाच्या टाक्यानं शिवून द्यायला सुरुवात केली, म्हणजे धागे सुटायला नकोत.

"काज पोलिसांनी पाडून दिलंय," ती म्हणे, "गुंडी कधी लावायची ते पुढे बघू."

तिचा एकुलता मुलगा फाल्क शाळेच्या शेवटच्या वर्षाला होता आणि त्याला जनावरांचा डॉक्टर व्हायचं होतं. वसंतात सैन्याच्या तपासणीला बोलावणं येणार होतं आणि त्यानं मनाशी ठरवलं होतं की बंदूक घ्यायची नाही. आमच्याकडे बंदूक नाकारली तर तुरुंग नव्हता, खांद्यावर फावड्याचं चिन्ह लावून दीड वर्ष खणायला पाठवत. पण हे परीक्षेआधी बाहेर फुटलं असतं तर पोराला परीक्षेलाच बसू दिलं नसतं. म्हणून परीक्षा होईपर्यंत तोंडाला कुलूप. एकदा गवतातून काढून नेलेला मुलगा इर्मगार्डनं पाहिला होता, दुसऱ्यांदा तिला तसं काही पाहायचं नव्हतं.

आणि नेमका त्याच शरदात गेर्नोट आला.

तिशीचा असेल. कबरस्तानात माळीकाम करायचा, उत्तरेकडून आलेला, बोलणं बेताचं. मंडळात वाद घालायचा नाही. सगळे गेले की खुर्च्या एकावर एक रचायचा, कप विसळायचा. फाल्कशी मात्र कोपऱ्यात बराच वेळ बोलायचा. त्याच्या जाड जाकिटावर बिल्ला आधीच शिवलेला होता. इर्मगार्डनं धूळ झटकायच्या मिषानं बाही हातात घेतली आणि कड उलटून पाहिली.

"सुरेख शिवलाय हो. बायकोनं का?"

"बायको नाही मला. मीच शिवला."

"कुठं शिकलात?"

"असंच. वेळ होता तेव्हा." मग तो हसला. "मला तू म्हण की, इर्मगार्ड. इथे सगळेच म्हणतात."

"माझ्या जिभेला वळण पडायला वेळ लागतो," ती म्हणाली आणि बाही सोडून दिली.

रविवारी झिग्रून कॉफीला आली. झिग्रून म्हणजे चर्चच्या गायकवृंदाची प्रमुख आणि इर्मगार्डची शाळेपासूनची मैत्रीण. ज्या सकाळी आर्नोला नेलं त्या सकाळी तिनंच इर्मगार्डला पोटाशी धरलं होतं. कपाच्या तळाचं फूल दिसावं इतकी पातळ कॉफी आणि प्लमचा केक, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा रविवार.

"बराकीतला टाका आहे तो, झिग्रून," इर्मगार्ड म्हणाली. "दोऱ्याला मेण, गाठ कापडाच्या पोटात, टाके कसे कवायतीला उभे केल्यासारखे. माझे बाबा रजेवर यायचे तेव्हा असंच शिवायचे. हा माणूस गणवेशात होता, आणि कुठं होता म्हणून विचारलं तर हवेत उत्तर देतो."

"बाई गं! मला पहिल्या दिवसापासून पाल चुकचुकतेय. पुरुषमाणूस आपणहून कप विसळतो म्हणजे कुठं तरी पाणी मुरतंय."

"आणि फाल्कला एकट्याला गाठतो."

"फाल्कचं ते... अजून तेच आहे ना डोक्यात?"

"तेच. बंदुकीला हात लावणार नाही म्हणतो. परीक्षेपर्यंत बाहेर फुटलं नाही म्हणजे मिळवली."

"मग तू गप्प कशाला बसतेस?" झिग्रूननं तिच्या हातावर हात ठेवला. "उद्या सगळ्यांसमोर विचार. पोर तुझं आहे, इर्मी."

दुधानं तोंड पोळलेली बाई ती, ताक फुंकायला तिला दुसऱ्यानं सांगायची गरज नव्हती. तरी सांगितलं गेलं हे खरं. सोमवारी फाल्क गावात नव्हता, शाळेनं पोरांना बटाटे काढायला नेलं होतं. मेणबत्ती लागली आणि पास्टरांनी तोंड उघडण्याआधी इर्मगार्ड उभी राहिली.

"मला या गृहस्थांना एक विचारायचंय. तुम्ही शिवायला कुठं शिकलात? आणि इथं येऊन कुणाला काय सांगता?"

आमच्या गावात 'ऐका-बघा खात्या'चं, म्हणजे सरकारी हेरखात्याचं, नाव घ्यायची गरज कधीच पडत नसे, सगळ्यांना बरोबर कळे. त्या खात्याचा माणूस प्रत्येक खोलीत एक तरी असतो असं सगळे धरूनच चालत, आणि आता तो कोण ते ठरल्यावर खोलीला जरा हायसंच वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं. त्या दिवशी बाकीचे सगळे संशयातून सुटले होते.

"गेर्नोट, काही तरी बोल बाबा," पास्टर ब्योमिग म्हणाले.

गेर्नोटनं एकदा फाल्कच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. त्यानं जाकीट काढलं, बिल्ला वर येईल असं घडी करून इर्मगार्डच्या पुढ्यात ठेवलं, आपली खुर्ची नेहमीसारखी भिंतीशी रचली आणि नुसत्या सदऱ्यावर थंडीत बाहेर पडला.

"चोराच्या मनात चांदणं," झिग्रून हळूच म्हणाली.

त्याच आठवड्यात इर्मगार्डला नगरपालिकेत बोलावलं. वरच्या मजल्यावर राखाडी स्वेटर घातलेला एक माणूस बसला होता. तो उठून उभा राहिला, त्यानं तिचा कोट स्वतः खुंटीला लावला आणि कॉफी ओतली. खरी कॉफी होती, कपाचा तळ दिसेना.

"बिल्ल्यांबद्दल बोलावलंय का?" तिनं विचारलं.

"छे हो! सुई-दोऱ्याबद्दल आम्ही काय बोलणार? आभार मानायला बोलावलं. त्या माळ्याला मंडळातून बाहेर कसं काढावं या विवंचनेत आम्ही होतो. पोरं त्याचं ऐकायला लागली होती. तुम्ही एका वाक्यात काढलंत." तो कौतुकानं मान हलवत राहिला. "नजर बाकी तुमची! बराकीतला टाका. आमच्या माणसांना हे सात जन्मात दिसलं नसतं."

इर्मगार्डनं कप बशीत ठेवला. मंडळात ती हे दोन शब्द बोलली नव्हती. ते ती फक्त आपल्या स्वयंपाकघरात बोलली होती, एका रविवारी, एकाच बाईसमोर.

"आणि फाल्कला जरा समजवा," तो तिचा कोट आणता आणता म्हणाला. "जनावरांच्या डॉक्टरला बंदुकीचं एवढं वावडं कशाला? परीक्षेला अजून अवकाश आहे. शाळेचं मन वळवता येतं, इकडेही आणि तिकडेही."

जिना उतरताना तिनं कठडा घट्ट धरला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा. सगळ्या गावाच्या गुंड्या तपासल्या आणि आपल्याच टेबलाशी बसून केक खाणारीच्या गुंड्या कधी पाहिल्या नाहीत. लगेच दुसरा विचार आला: त्याची जीभ घसरली, की तो मुद्दाम बोलला? दोन मैत्रिणींतही पाचर मारायची म्हणून? म्हणजे आता झिग्रूनचं तोंड पाहायचं नाही, हेसुद्धा त्याच्याच मनासारखं होणार. आणि मग त्या सकाळी शिडी सरळ गोठ्याला लागली होती, ती... तिथे ती थांबली. तेव्हा झिग्रूनसुद्धा लहान पोर होती. तरी तो विचार एकदा डोक्यात शिरला तो पुन्हा बाहेर गेला नाही.

शनिवारी फाल्क नखांत माती घेऊन घरी आला. तिनं त्याला सगळं सांगितलं, झिग्रूनपासून नगरपालिकेपर्यंत. तो आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

"आई, तो फावडेवाला होता!"

"कोण?"

"गेर्नोट! त्यानं बंदूक नाकारली होती. समुद्राकाठी दीड वर्ष खणत होता. खांद्यावरचं फावडं तिथे ज्यानं त्यानं स्वतः शिवायचं. टाका वाकडा गेला की फाडायचे, पुन्हा शिव म्हणायचे. बराकीतला टाका म्हणे! बराकीतलाच आहे तो, बरोबर ओळखलास."

"मग त्यानं सांगितलं का नाही? मी विचारलं होतं. सगळ्यांसमोर विचारलं."

"कारण सांगितलं की पोरं माणसाचा देव करतात म्हणाला. माझ्याकडे बघून ठरवू नकोस, तिथे बोटं गोठतात, घरची आठवण आली की माणूस रडतो, ते सगळं ऐक आणि मग तुझं तू ठरव, असं म्हणाला." फाल्कचा आवाज चिरकला. "आणि म्हणाला, परीक्षेपर्यंत आईशिवाय कुणाला बोलू नकोस."

इर्मगार्ड खाली बसली. आईशिवाय कुणाला नको. परक्या माणसानं तिच्यावर टाकलेला हा विश्वास तिनं प्लमच्या केकबरोबर वाढून दिला होता. ती रडली, आणि तिला रडताना फाल्कनं पहिल्यांदा पाहिलं.

"तू आता घे रे बंदूक," ती म्हणाली. "शाळा तरी पदरात पडेल."

"नाही घेणार," फाल्क म्हणाला. "आता तर नाहीच."

गेर्नोटचं जाकीट आठवडाभर तिच्या दुकानात खुंटीवर होतं. तिनं ते उतरवलं. डाव्या काखेखाली अस्तर फाटून आतला कापूस बाहेर आला होता. थंडी वाढली होती. तिनं मेणाचा दोरा घेतला आणि अस्तर शिवलं, गाठ कापडाच्या पोटात दडवून, टाके अगदी ओळीत. माफी कशी मागायची हे तिला आयुष्यात कुणी शिकवलं नव्हतं, शिवायला शिकवलं होतं.

रविवारी, झिग्रूनची कॉफीची वेळ व्हायच्या आत, ती जाकीट हातावर टाकून कबरस्तानाकडे निघाली. गेर्नोटची खोली फाटकालगत होती. दार थोडंसं उघडलं, साखळी तशीच राहिली.

"गेर्नोट, मी इर्मगार्ड. तुझं जाकीट आणलंय." 'तू' सहज आलं, जिभेला जराही जड गेलं नाही. "फाल्कनं मला सांगितलं सगळं. माझं चुकलं रे. फार चुकलं."

तो फटीतून तिच्याकडे पाहत राहिला. मग तिच्या मागच्या रस्त्याकडे.

"तुम्हाला कोणी पाठवलं, नेस्लरबाई?"

"कोणी नाही. मीच आले."

"बरं," तो म्हणाला. त्यानं फटीतून हात काढून जाकीट आत घेतलं. दार लावलं नाही. त्याची बोटं कॉलरवरून फिरली, शिवणींवरून, खालच्या काठावरून, आणि काखेखाली येऊन थांबली. तिथले टाके नवे होते.

"ते मी शिवलं," ती घाईनं म्हणाली. "फाटलं होतं. थंडी आहे म्हणून..."

गेर्नोटनं खिशातून कलमं करायचा चाकू काढला, टाक्याखाली टोक घातलं आणि एकेक टाका तोडत गेला. मग दोन बोटं अस्तरात घालून आत चाचपून पाहिलं. बोटांना थोडा कापूस लागला. आत दुसरं काही नव्हतं, ना तार, ना चोरून ऐकायचं यंत्र. तरी त्यानं पुन्हा एकदा चाचपलं.

इर्मगार्ड दाराबाहेर उभी राहून पाहत होती. तिला राग आला नाही. त्याच्या जागी तिनंही उसवूनच पाहिलं असतं.