भाड्याने घर पाहिजे

परराष्ट्र खात्याच्या तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या अरुंद खोलीत एक बाई बारा वर्षं कात्री चालवत होत्या. हजेरीपटावर त्यांचं नाव असणारच, पण ते कुणाच्या तोंडी नव्हतं. सगळे त्यांना कात्रणबाई म्हणत आणि त्याही त्याच हाकेला ओ देत.

शेजारच्या देशाची सात वर्तमानपत्रं आगगाडीने दोन दिवस उशिरा यायची. ती वाचायची, कामाचं तेवढं कापायचं, कोऱ्या कागदावर डकवायचं आणि खाली आपल्या भाषेत चार ओळी लिहायच्या, एवढं त्यांचं काम. आईचं माहेर सीमेपलीकडचं, त्यामुळे ती भाषा त्यांच्या कानावर पाळण्यापासून होती. नवरा छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा. तो गेल्यावर कुणीतरी शब्द टाकला आणि बाई इथे लागल्या. येताना नवऱ्याची एक खोड मात्र बरोबर घेऊन आल्या. वर्तमानपत्र मागून वाचायचं. तो म्हणायचा, "पहिलं पान मालकाच्या मर्जीचं. शेवटच्या पानावर माणूस स्वतःच्या गरजेपोटी बोलतो, तिथे थापा मारून त्याला चालत नाही."

मग लढाई पेटली. शेजारचा देश लढाईत नव्हता, पण त्याच्या सरकारांचं काही खरं नव्हतं. दीड वर्षात पाच पडली. एक पक्ष आपल्याकडे झुकलेला, दुसरा शत्रूकडे, आणि खुर्ची कधी याची तर कधी त्याची. वारं कुठे फिरतंय ते कळवायला आपले राजदूत तिथे बसले होते. बसले होते म्हणजे खरोखरच बसले होते, जेवणाच्या टेबलाशी. मंत्र्यांबरोबर जेवायचं, मंत्री सांगतील ते ऐकायचं आणि त्याचे लांबलचक अहवाल पाठवायचे. आता जेवायला बोलावलेला मंत्री 'आमचं काही खरं नाही हो' असं कशाला सांगेल? पण अहवालावर लाखेची मोहर असे, म्हणून त्याला वजन. बाईंच्या कात्रणांना फक्त डिंक.

त्या देशात एक नियम फार कडक होता. सरकार पडलं की मंत्र्याने तीन दिवसांत सरकारी बंगला सोडायचा. दोन-चार जणांची बिऱ्हाडं सामानासकट रस्त्यावर आली, तेव्हा मंत्र्यांच्या बायका शहाण्या झाल्या. नवरा सभागृहात छाती ठोकून काही का बोलेना, सरकार डुगडुगायला लागलं की बायको गुपचूप जाहिरात द्यायची, 'भाड्याने घर पाहिजे'. जाहिरातीत नाव नसायचं, पण गरजा कुठे लपतात? पियानो मावेल असा दिवाणखाना हवा, तीन कुत्र्यांना अंगण हवं, जिना चढता न येणाऱ्या सासूबाईंना खाली खोली हवी. कुणाकडे पियानो, कुणाच्या कुत्र्यांना बक्षीस, कुणाच्या सासूबाई कधी पडल्या, हे सगळं बाईंनीच कधी ना कधी कापून डकवलेलं होतं.

या विद्येने गेल्या हिवाळ्यात त्यांचं हसंही झालं होतं. शेतीमंत्र्यांची बायको घर शोधतेय हे पाहून त्यांनी 'सरकार पडणार' असं लिहून दिलं. सरकार जागच्या जागी राहिलं. नवरा-बायकोचं फाटलं होतं आणि बायको स्वतःपुरतं घर बघत होती. सरकार नाही, संसार पडला होता. शेजारच्या खोलीतल्या मुख्य कारकुनांना तर आयतंच कोलीत मिळालं. त्यांना सगळे अचूकराव म्हणत, कारण आयुष्यात त्यांचं कधी चुकलं नव्हतं. त्यांनी कधी काही सांगितलंच नव्हतं ना! जिन्यात भेटले की विचारायचे, "काय बाई, आज कुणाचा काडीमोड?" बाई हसून पुढे जात, पण मनाला लागायचं.

अशात ते जहाजाचं प्रकरण आलं. इस्पितळांसाठी औषधं घेऊन येणारं आपलं एक जहाज वाटेत बिघडलं आणि त्या देशाच्या बंदरात शिरलं. दोन यंत्रांपैकी एक बंद, दुरुस्तीला आणखी दोन आठवडे. बाहेर समुद्रात शत्रूच्या पाणबुड्या. त्या वेळचं सरकार आपल्या बाजूचं, म्हणून जहाजाला थारा मिळाला. दुसरा पक्ष आला तर जहाज जप्त आणि चाळीस खलाशी तारेच्या कुंपणाआड. राजदूतांनी कळवलं, सरकार भक्कम आहे, दुरुस्ती निवांत होऊ द्या. त्या चाळिसांत, यंत्राच्या खोलीत, बाईंचा एकुलता एक मुलगा होता.

सोमवारी सकाळी गठ्ठा आला. बाईंनी सवयीने पहिलं वर्तमानपत्र उलटं केलं आणि कात्री खाली ठेवली. पियानो. दुसऱ्यात तीन कुत्रे. चौथ्यात सासूबाई. तिन्ही जाहिरातींत एक शब्द सारखा होता, 'तातडीने'.

बाईंना धावत साहेबांकडे जावंसं वाटलं. पण दुधाने तोंड पोळलेलं. तीन संसार एकदम मोडत नाहीत हे खरं, तरी पुरावा हवा होता. मग त्यांच्या मनात आलं, तीन जण बाहेर पडतायत, तर कुणीतरी आत येणार. जो सरकारी बंगल्यात येणार, त्याचं स्वतःचं घर रिकामं पडणार. बारा वर्षं त्या 'पाहिजे'चा रकाना वाचत आल्या होत्या. शेजारचा 'देणे आहे'चा रकाना त्यांनी कधी वाचलाच नव्हता. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

सहाव्या वर्तमानपत्रात ते सापडलं. 'मोठे घर सामानासह देणे आहे. रंगीत काचांचा गोल जिना. मागे अक्रोडाची दोन झाडे. येत्या चौदा तारखेपासून.' बाई उठल्या, कपाट उघडलं आणि चार वर्षांपूर्वीचं कात्रण काढलं. विरोधी पक्षाचे पुढारी आपल्या घरात उभे होते. मागे गोल जिना, जिन्याला रंगीत काचा.

चौदा तारीख म्हणजे पुढचा सोमवार, त्या दिवशी घर सोडणार. बंगला रिकामा व्हायला तीन दिवस. म्हणजे सरकार पडणार त्याआधीच्या शुक्रवारी. आणि शुक्रवारीच तिथल्या सभागृहात मतदान होतं.

 आता हे सांगायचं म्हणजे जहाज लगेच काढा म्हणायचं, एका यंत्रावर, पाणबुड्यांच्या तोंडात. आपलं चुकलं तर मुलगा जाणार आणि आईच्या सांगण्यावरून जाणार. गप्प बसलं तर तो कैदेत पडेल, पण निदान जिवंत असेल. कुणाला कळणारही नाही. मग त्यांना उरलेल्या एकोणचाळीस आया दिसल्या, त्या औषधांची वाट बघणारी इस्पितळं दिसली. आपल्या पोटच्यासाठी खरी गोष्ट लपवली, तर उद्या हातात कात्री धरायची लाज वाटेल. त्यांनी पाचही कागद उचलले आणि खालच्या मजल्यावर गेल्या.

साहेबांच्या खोलीत अचूकराव सह्या घेत उभे होते. बाईंनी सगळं सांगितलं. अचूकराव खोकले.

"साहेब, मागच्या वेळचा शेतीमंत्री आठवतो ना? आणि दुसरं म्हणजे, यांचा मुलगा त्याच जहाजावर आहे. आईला घाई असणारच."

"नुसती आई म्हणून बोलत असते, तर थांबा म्हणाले असते," बाई म्हणाल्या.  "बंदरात तो सुखरूप आहे. लंगड्या यंत्रावर समुद्रात मी त्याला लोटतेय. खात्री नसती तर हे माझ्या तोंडातून निघालं असतं का?"

 साहेबांनी जाहिरात आणि जुना फोटो शेजारी शेजारी ठेवले.

"राजदूत तर म्हणतात, सरकार भक्कम आहे."

"राजदूत मंत्र्यांबरोबर जेवतात साहेब. जेवताना नवरा काही पण बोलेल. बिऱ्हाड बायकोला हलवायचं असतं."

 साहेबांनी तारेचा कागद पुढे ओढला.

मंगळवारी दुपारी जहाज बंदरातून निघालं. चार दिवसांची वाट. ते चार दिवस बाईंनी कसे काढले ते त्यांचं त्यांना माहीत. चहा गार होई, डिंक वाळून जाई. शुक्रवारी संध्याकाळी तार आली. सरकार सात मतांनी पडलं, बंदराला टाळं, आत सापडलेली सगळी परकी जहाजं जप्त. त्याच दिवशीच्या टपालाने राजदूतांचा अहवाल आला होता, लाखेसकट. हे सरकार पुढचं वर्षही सहज काढेल, असं त्यात होतं. तो कुणी वाचला नाही.

शनिवारी अकराच्या सुमारास जिन्यावर धडधड पावलं वाजली. अचूकराव तीन मजले पळत चढून आले होते, चष्मा हातात.

"बाई! आलं! आलं हो जहाज! चाळीसच्या चाळीस!"

आणि बाईंच्या खुर्चीत बसून तेच रडायला लागले. बाईंनी त्यांना आपला गार चहा दिला. मग खिडकीपाशी जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहिल्या आणि मनसोक्त रडल्या.

धक्क्यावर मुलाने त्यांना उचलूनच घेतलं. अंगाला तेलाचा वास, दाढी वाढलेली.

"आई, कप्तान म्हणतो, राजधानीत कुणीतरी जबरदस्त माणूस बसलाय. थेट मंत्र्यांच्या घरात शिरून बातमी काढली म्हणे! कोण असेल गं?"

साहेबांची सक्त ताकीद होती, घरीसुद्धा बोलायचं नाही.

"असेल बाबा कुणीतरी."

"आणि तू? अजून तीच रद्दी कापतेस?"

"तीच."

तेवढ्यात गर्दीतून साहेब आले. मंत्र्यांपुढेही त्यांची हॅट कधी डोक्यावरून उतरत नसे, असं खात्यात बोललं जाई. बाईंसमोर ते थांबले, हॅट काढली, मान लववली आणि पुढे गेले. त्यांच्यामागून अचूकरावांनीही मान लववली.

मुलगा बघतच राहिला. "हे एवढे मोठे साहेब तुला ओळखतात?"

"एका जिन्याने जातो येतो ना," कात्रणबाई म्हणाल्या. त्यांनी त्याची पिशवी स्वतःच्या खांद्याला लावली आणि ताठ मानेने पुढे निघाल्या. "चल, घरी चल."