विहिरीच्या एकोणीस नोंदी

वामन ढोले पंचायतीचा सचिव. रामाकोन्यापलीकडच्या एका गावात त्यानं अकरा वर्षं काढली होती. कुणाच्या अध्यात ना मध्यात. तहसिलीतले बाबू म्हणत, कागद पाहावा तर वामनरावचा.

१९८४च्या मे महिन्यात सौंसरला ब्लॉक ऑफिसात सचिवांचं आठ दिवसांचं प्रशिक्षण लागलं. गावचा कारभार कसा चालवावा, लोकांना जाब कसा द्यावा, हे शिकवायला मधुकर सर आले होते. सचिव पंख्याखाली डुलक्या घेत. तिसऱ्या दिवशी सरांनी प्रत्येकाला आपल्या पंचायतीचं एक रजिस्टर आणायला सांगितलं. वामननं चौथ्या दिवशी पिण्याच्या विहिरीचं नेलं. सगळ्यात नीटनेटकं तेच होतं.

सरांनी पानं उलटली. दर महिन्याला एकच नोंद, 'औषध टाकले, पाणी पिण्यायोग्य.' खाली वामनची सही. रजिस्टर सुरू झाल्यापासून अशा एकोणीस.

"विहिरीत आज पाणी किती आहे, वामनराव?"

वामननं वाकून रजिस्टरातच पाहिलं.

"औषध कोण टाकतं?"

"कोतवाल टाकत असन, सर."

सर रागावले नाहीत. नुसतं रजिस्टर मिटून परत दिलं. जेवणाच्या सुटीत वामननं गावाकडची बस धरली.

पंचायतीच्या खोलीत ब्लीचिंग पावडरची गोणी शिवलेलीच होती. हात लावला तर आत दगड झालेला. तो तसाच विहिरीवर गेला, वाकला आणि मागे सरला. पाणी तळाला गेलेलं, हिरवट. शेजारच्या नालीचा ओघळ दगडांतून आत झिरपत होता. बायका रोजच्यासारख्या घागरी भरत होत्या.

"काय पाहून राहिले, भाऊ?" कलाबाई म्हणाली. "चार दिवसांपासून वास येऊन राहिला. सरपंच म्हणते, कागदावर पाणी चांगलं आहे."

विहीर बंद करायचं सांगायला वामन सरपंच दादाजींकडे गेला. त्यांच्या दारात मांडव पडत होता.

"परवा पोरीचं लग्न आहे," दादाजी म्हणाले. "वऱ्हाड गेलं का बंद कर विहीर."

"वऱ्हाड हेच पाणी पेईन, दादाजी."

"मंग? चांगलं आहे म्हणून तूच लिहिलं ना?"

वामन तिथून विहिरीवर गेला. त्यानं विहिरीचे दोर काढून घेतले आणि गावात दवंडी दिली. लोक भडकले. दादाजींनी शेतातल्या विहिरीवरून बैलबंड्यांनी पाणी आणवलं, लग्न पार पडलं. वामनला मांडवात कुणी बोलावलं नाही.

पण दवंडीआधीचं पाणी घराघरांतल्या माठांत होतंच. हळदीच्याच दिवशी कलाबाईला ओकाऱ्या आणि हगवण लागली. सौंसरच्या दवाखान्यात नेता नेता ती वाटेत गेली. तिसऱ्या दिवशी तिचा सासरा चिंधू गेला. आणखी सात जण खाटेला खिळले, ते वाचले.

चौकशीला साहेब येणार म्हटल्यावर दादाजींनी वामनला बाजूला घेतलं. "कोतवालावर ढकलून दे."

वामननं आपल्याच हातानं लिहून दिलं, 'विहीर न पाहता मी एकोणीस वेळा सही केली.' तो सस्पेंड झाला.

जूनमध्ये सचिवांची दुसरी तुकडी आली. मधुकर सरांनी वामनला बोलावलं. त्यानं उभं राहून सगळं सांगितलं, कलाबाईचं आणि चिंधूचं नाव घेऊन. वर्गात एकेकानं आपापलं रजिस्टर उघडलं. मग मागच्या बाकावरचा एक सचिव आपलं विहिरीचं रजिस्टर काखेत मारून उठला.

"पांढुर्ण्याची गाडी किती वाजता आहे?" त्यानं शेजाऱ्याला विचारलं, आणि उत्तराला न थांबता बाहेर पडला. त्याच्यामागून आणखी दोघे उठले.