मखरातलं तुटकं पान

माझे मोठे काका वारले त्याला आता कितीतरी वर्षं झाली. गेलेल्या माणसाबद्दल वाईट कशाला बोलायचं, असं सगळे मला सांगतात. वा रे वा! ते होते तेव्हा मला तोंड उघडू देत नव्हते, आणि आता नाहीत म्हणूनही मी गप्प बसायचं? मग बोलायचं कधी? मी बोलणार.

पापडीला आमची पानवेलींची वाडी होती. घरात माणसं चार: आई, वडील, मी आणि मोठे काका. काकू मी लहान असतानाच गेल्या होत्या. वडील रेल्वेत कारकून. सकाळी जायचे ते दिवेलागणीला परत यायचे, आणि आले तरी थोरल्या भावापुढे त्यांच्या तोंडून शब्द फुटायचा नाही. घरात शब्द चालायचा तो काकांचा.

गोष्ट पन्नास सालाच्या थोडी पुढची. आमच्याकडे नव्या नव्या वस्तू यायला लागल्या होत्या आणि काकांचं प्रत्येक वस्तूशी वाकडं होतं. शेजारच्या वाडीवाल्यानं विहिरीवर तेलाचं इंजिन बसवलं, तर हे म्हणाले, "इंजिनाच्या पाण्यानं पान कडू होतं." आमच्या विहिरीवर रहाटच राहिला आणि बिचारे बैल गरगर फिरत राहिले. स्वतः मात्र अंधार पडला की बॅटरी घेतल्याशिवाय न्हाणीपर्यंतसुद्धा जायचे नाहीत. ही बॅटरी कुठल्या झाडाला लागते, असं मी एकदा विचारणारच होते, पण आईनं दंडाला चिमटा काढला.

काकांना एकच नाद होता, लाकडाची जाळी कापायचा. धनुकलीसारखी हातकरवत, तिला केसासारखं बारीक पातं. पातळ फळीवर नक्षीचा कागद डकवायचा, गिरमिटानं भोक पाडायचं, भोकातून पातं ओवायचं आणि रेघेरेघेनं कापत जायचं. त्यांचा हात चांगला होता, ते मी नाकारत नाही. आमच्या घरच्या गणपतीचं मखर त्यांनीच कापलेलं होतं आणि दर वर्षी येणाऱ्याजाणाऱ्याला ते दाखवताना काकांची छाती फुगायची. तो नाद त्यांचं बघून बघून मलाही लागला. मॅट्रिकला नापास होऊन मी घरी बसले होते. त्यांच्या करवतीला हात लावायची मला परवानगी नव्हती. "बायकांचं काम नाही ते, पातं तोडशील," म्हणायचे.

नाही ना द्यायची? नका देऊ! आईचं जुनं शिलाईचं मशीन पडवीत पडलं होतं. खाऱ्या हवेनं त्याचं वरचं डोकं गंजून गच्च झालं होतं, पण खालचा पायानं हलवायचा पायटा आणि चाक ठणठणीत होतं. मी आईच्या मागे लागून सायकलवाल्याला घरी बोलावलं. त्यानं तेल घालून गंजलेलं डोकं मोकळं केलं आणि वर सुई खालीवर व्हायची तिथे मला करवतीचं पातं बसवून दिलं. पायटा हलवला की पातं नाचायचं आणि माझे दोन्ही हात फळी फिरवायला मोकळे. पहिल्या दिवशी मी नुसती चहाच्या खोक्याची फळी घेऊन तिचे तुकडे तुकडे केले. इतका आनंद मला मॅट्रिक पास होऊनही झाला नसता.

मग ठरवलं, आपण मखर करायचं. दोन बाजू आणि वर कमान, सगळीकडे आमच्याच वाडीतली पानवेल. चहाच्या खोक्यांचं प्लायवूड पातळ असतं, कापताना थरथरतं. म्हणून मी दोन दोन फळ्या एकावर एक ठेवून बारीक खिळ्यांनी जोडल्या आणि एकदमच कापल्या. हातकरवतीनं हे करायला गेलं तर मनगट जाईल, मशीनला काही नाही. त्यामुळे एका कामात अगदी सारखी दोन मखरं निघाली. एक घराला आणि एक आगाशीच्या आत्याला, असं मनाशी धरलं.

काकांना आवाज सहन व्हायचा नाही. एक दिवस मी डाव्या बाजूचं खालचं पान कापत होते. एवढ्यात मागून ते असे ओरडले की माझा पाय पायट्यावर जोरात पडला आणि पातं पानाच्या टोकात घुसलं. टोक गेलं, तिथे वाकडी खाच आली. दोन्ही फळ्यांत एकदमच.

"देवाचं काम आणि पायानं करतेस? लाज वाटत नाही?"

"काका, गणपतीची माती कुंभार पायानंच तुडवतो," मी म्हटलं.

त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. उलट बोलते, शेफारली आहे, असं बराच वेळ चाललं. मी खाली मान घालून ऐकून घेतलं आणि ते वळल्यावर पुढचं पान कापायला घेतलं.

आत्याचं मखर मी आधीच आगाशीला पाठवलं. आमचं घासूनपुसून, पॉलिश करून, आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून देवघराच्या बाहेर ठेवलं. काकांनी एकदा नीट बघावं, मग काय बोलायचं ते बोलावं, एवढीच माझी इच्छा होती. हरतालिकेच्या सकाळी उठून बघते तर गाठोडं नाही. न्हाणीकडून पॉलिश जळाल्याचा वास आला. धावत गेले. काकांनी ते लुगड्यासकट चुलीत घातलं होतं. गाठ सोडूनही बघितली नव्हती! मी चिमट्यानं ओढून ओढून एक कोपरा बाहेर काढला. बाकी सगळं गेलं. आणि त्याच आगीवर तापलेल्या पाण्यानं अंघोळ करून, ओलं धोतर सावरत बाहेर येऊन काका म्हणाले, "पाणी आज छान कढत होतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वडील खाली बघत राहिले. आई पदर तोंडाला लावून आत गेली. मी तो जळका कोपरा उचलला, राख झटकली आणि ट्रंकेत तळाशी ठेवला. हाच तो कोपरा, तुटक्या पानाचा. त्या क्षणी मनात म्हटलं, थांबा काका, तुम्हाला चांगलं बघून घेते.

पुढच्या वर्षी पावसाच्या तोंडावर काकांनी आणखी एक फर्मान काढलं. पायट्याचं धूड भंगारात जाणार. भंगारवाल्याची गाडी पावसात आमच्या रस्त्याला रुतायची, म्हणून गणपती झाल्यावर त्यानं यायचं ठरलं. म्हणजे माझ्या हातात तेवढाच पावसाळा होता. मशीन गेलं की माझं सगळंच गेलं. पुन्हा स्वयंपाकघर आणि "बायकांचं काम नाही ते". मी मशीनवर गोणपाट टाकलं आणि अगदी शहाण्या मुलीसारखी वागायला लागले. काकांना वाटलं, पोरगी वठणीवर आली.

तेवढ्यात वाळवी माझ्या मदतीला धावली. माळ्यावरून काकांचं मखर उतरवलं तर आतून पोकळ. बोट लावलं की भुगा. काका नवीन कापायला बसले, पण आता हाताला कंप सुटला होता. पातं कट्‌कन तुटायचं, दुसरं लावायचे, तेही तुटायचं. मी पडवीच्या दारातून बघायचे. दया आली असती, पण न्हाणीतला तो वास काही केल्या माझ्या नाकातून जात नव्हता.

मी आगाशीला आत्याकडे गेले आणि तिला सगळं सांगितलं. आत्या म्हणजे काकांची धाकटी बहीण, तोंडानं फटकळ. तिच्या लग्नात तिला मिळालेला ग्रामोफोन याच भावानं "घरात तमाशा नको" म्हणून परत पाठवायला लावला होता. ती ते विसरली नव्हती. सगळं ऐकून ती पोट धरून हसली.

"काय गो पोरी, एवढा दम तुझ्यात कुठून आला? तू गप घरी जा. बाकीचं माझ्यावर सोड."

गणपतीच्या आदल्या दिवशी आत्या माहेरी आली ती मोठं गाठोडं घेऊन. "दादा, तुझं मखर वाळवीनं खाल्लं म्हणून ऐकलं. गिरगावात एक म्हातारा कारागीर आहे, त्याच्याकडून आणलंय. अख्खं हातानं केलेलं."

काकांनी या खेपेला गाठ सोडली. बाहेर ओटीवर उजेडात नेलं. चष्मा कपाळावर काय चढवला, परत डोळ्यावर काय आणला! शेजारपाजारचे जमले, त्यात इंजिनवालाही होता. काका पानावरून बोट फिरवत होते, कडा अंगठ्यानं चाचपत होते. ओळखतील का? पण ओळखणार कसे? आदल्या वर्षी त्यांनी गाठ सोडून ते बघितलंच नव्हतं.

"याला म्हणतात काम!" ते सगळ्यांना सांगायला लागले. "यंत्राच्या बापाला जमणार नाही." आणि मग त्यांचं बोट खालच्या डाव्या कोपऱ्यावर थांबलं. "हे बघा. इथे पानाचं टोक गेलंय. म्हाताऱ्याचा हात जरासा चुकला असणार. ही हाताच्या कामाची खूण. यंत्र असं चुकत नाही, कारण यंत्राला जीव नसतो."

आत्या तोंडात पदर कोंबून माजघरात पळाली. मी तिथेच उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी काकांनी स्वतःच्या हातांनी मखर उभं केलं. त्याच्या दोन्ही बाजू आणि कमान मूर्तीच्या मागे एकात एक अडकत होत्या. मूर्ती पुढे असताना ते काढणं शक्य नव्हतं. मूर्ती ठेवली, काकांनी सोवळं नेसून पूजा केली, प्राणप्रतिष्ठा झाली. त्यानंतर विसर्जनापर्यंत मूर्ती जागची हलवायची नाही, हा आमच्याकडचा नियम. काका तो मोडतील हे शक्यच नव्हतं. मी याचीच वाट बघत होते.

शेवटची फुलं वाहून झाली आणि काकांनी हात जोडले. मी ट्रंकेतून जळका कोपरा आणला आणि आरतीला जमलेल्या शेजाऱ्यांसकट सगळ्यांच्या देखत मखराच्या डाव्या कोपऱ्याला लावला. पानाला पान बसलं. देठाला देठ बसला. तुटक्या टोकाच्या खाचेला तीच वाकडी खाच. कुठे केसाचाही फरक नाही.

"काका, हा तुकडा ओळखता? तुमच्या अंघोळीच्या पाण्याखाली होता."

काकांना आधी कळेना. त्यांनी कोपरा हातात घेतला, मखराला लावला, काढला, परत लावला. मग त्यांचा चेहरा उतरत गेला.

"मी केलंय हे," मी मोठ्यानं म्हटलं. "पायानं केलंय. मशीनवर. दोन फळ्या एकदम कापल्या होत्या, त्यातली एक तुम्ही जाळलीत. आणि ही खाच म्हणजे म्हाताऱ्याचा हात नाही. तुम्ही मागून ओरडलात, तिथे माझा पाय चुकला."

मग इंजिनवाला हळूच म्हणाला, "म्हणजे देवाला यंत्राचं चालतं तर!" आणि सगळे हसायला लागले. वडीलही हसले. मी त्यांना भावापुढे हसताना पहिल्यांदाच पाहिलं.

"मूर्ती हलवायची का, काका?" मी विचारलं.

"आरतीला उशीर होतोय," ते म्हणाले. "तबक आणा."

"आरती होईल. आधी भंगारवाल्याला काय सांगायचं ते बोला."

आई मला डोळ्यांनी दटावत होती. पण मी तबक हातात धरून तशीच उभी राहिले, निरांजन पेटवलं नाही. काका मखराकडे बघत होते, बाकीचे काकांकडे.

"येऊ नको म्हणून सांग," ते शेवटी म्हणाले.

मग मी निरांजन पेटवलं. गणपती आमच्याकडे गौरीबरोबर जायचे. तोवर दोन्ही वेळा काकांना त्या मखरासमोर उभं राहून आरती म्हणावी लागली. डोळे घट्ट मिटून म्हणायचे. आणि येणाऱ्या प्रत्येकाला आत्या दारातच अडवून सगळी कथा पहिल्यापासून सांगायची, आवाज आत जाईल इतपत मोठ्यानं. माझ्या आयुष्यात इतका सुखाचा गणपती पुन्हा आला नाही.

विसर्जनाहून परतल्यावर काकांनी मखर सोडवलं. मला वाटलं, आता चुलीत. पण त्यांनी ते जुन्या धोतरात बांधलं आणि माळ्यावर चढवलं. शिडीवरून उतरताना माझ्याकडे न बघता म्हणाले, "पुढच्या वर्षी नवीन कापशील तेव्हा ते पान नीट काप."

तो त्यांचा समेटाचा हात पुढे करण्याचा प्रकार असेल. आई नंतर तसंच म्हणाली, तिचं मन मोठं होतं. मी म्हटलं, "नाही काका. ते पान तसंच राहणार. ते मी कापलेलं नाही, तुम्ही कापलंय." ते वाडीत निघून गेले.

त्यानंतर मी कितीतरी मखरं कापली, लोकांना कापून दिली. प्रत्येकाच्या डाव्या कोपऱ्यात ते टोक गेलेलं पान आहे. कोणी विचारलं की मी कारण सांगते, नावानिशी.

काका गेले तेव्हा वडील म्हणाले, दादाच्या फोटोला चौकट तूच कर. मी केली. चांगलं सागवान घेतलं, सगळीकडे पानवेल काढली. कापत कापत डाव्या कोपऱ्यापर्यंत आले. पडवीत मी एकटी होते. मागून ओरडायला आता कोणी नव्हतं. मी जराशी थांबले आणि मग पायट्यावर मुद्दाम जोरात पाय मारला. तो फोटो आजही ओटीवर आहे, आणि त्याला हार घालताना मी तेवढा कोपरा उघडा ठेवते.