कानापलीकडचे ऊन

कोणतेही जनावर समोर आले की तो आधी त्याचा कान दोन बोटांत धरी, उन्हाकडे करी आणि एक डोळा मिटून पाहत राही. मग म्हणे, "रंग बोलंल ते बोलंल, साहेब. कानाला इचारा."

मी तेव्हा आष्टीकडच्या एका गावी पशुधन पर्यवेक्षक होतो. तो आमच्या दवाखान्यातला परिचर. अकरा वर्षे रोजंदारीवर. दवाखाना झाडणे, औषधासाठी बैल आडवा पाडणे, जखमा धुणे ही त्याची कामे. जाती ओळखण्याचे काम माझे होते. मी ते पुस्तकातून करीत असे, तो कानावरून करी. चुका माझ्याच होत.

मेंढरांमागून येणाऱ्या कुत्र्यांच्या घोळक्यातून तो कारवानी कुत्रा अचूक वेगळा काढी. "ह्येचा कान डोक्याला चिकटून पडलाय, पोट आत हाय. ह्यो पळणारा. त्यो पिवळा नुसता भुकणारा." डुकरांचेही तसेच. "इलायती पांढऱ्याचा कान पातळ असतोय. त्येच्यातनं ऊन गुलाबी उतरतंय, पानावानी शिरा दिसत्यात. गावठ्याच्या कानातनं ऊन येत न्हाई." माणसांच्या जातीविषयी मात्र त्याने कधी अवाक्षर काढले नाही. त्या विषयातल्या तज्ज्ञांची गावात उणीव नव्हती.

त्याच्या घरात आढ्याला ऊसतोडीचा कोयता टांगलेला असे. नोकरी लागण्यापूर्वी नवराबायको दर हंगामाला उसावर जात. "कायमचा हुकूम येऊ द्या, साहेब. कोयता भंगारात देतो," हे वाक्य मी अकरा वर्षे ऐकले.

आपणही असे गाव पाहिले असेल, जिथे संस्था अनेक असतात आणि अध्यक्ष एकच असतो. आमच्या अध्यक्षांनी पुण्याहून 'जर्मन' कुत्र्याचे पिलू आणले. ते आठ महिन्यांचे झाले तरी त्याचा डावा कान उभा राहीना. त्यांनी ते दवाखान्यात आणून टॉनिक मागितले. परिचराने कान उन्हाकडे धरला.

"टॉनिकनं न्हाई उठायचा, चेअरमनसाहेब. बाप जर्मन असंल. आई आपल्या नेकनूरच्या बाजारातली हाय."

"काय बे, माझ्या कुत्र्याची सोयरीक जुळवाया बसलास का?"

"म्या कशाला जुळवू? झालेली सांगतोय."

दवाखान्यात हशा झाला. अध्यक्ष हसले नाहीत. पुढच्या आठवड्यात ते पिलू दवाखान्याच्या दारात सोडलेले आढळले. परिचराने ते घरी नेले आणि त्याचे नाव 'चेअरमन' ठेवले. हाक मारताना मात्र तो आवाज बारीक करी.

त्यानंतर सलग दोन पावसाळे कोरडे गेले. गावात टँकर आला, छावणी आली आणि त्यांच्यामागोमाग आणखी एक सहकारी संस्था आली. दुष्काळी भागासाठी वराहपालनाची योजना होती. तिच्यातून यॉर्कशायर जातीची पांढरी विलायती जनावरे पाळायची होती. अध्यक्ष तेच. सभासद त्यांचे मेहुणे, भाचे आणि चुलतभाऊ. त्यांपैकी एकानेही आयुष्यात डुकराला हात लावलेला नव्हता. बैठकीत ते 'वराह' म्हणत. दुसरा शब्द इतरांविषयी बोलताना उपयोगी पडे.

जातीचा दाखला मी अध्यक्षांच्या ओसरीवर, चहा घेताना लिहिला. 'शुद्ध यॉर्कशायर. वर्ण पांढरा. कान मोठे व उभे.' जनावरे तेव्हा ट्रकमध्ये होती, ट्रक वाटेत होता. पुस्तकात कान उभे होते, म्हणून मी उभे लिहिले.

दुसऱ्या दिवशी परिचर शेडकडून थेट माझ्याकडे आला.

"साहेब, ती गावठी हायती. व्यापाऱ्यानं परळीच्या वीजकेंद्राकडनं आणली. तिथल्या राखंत लोळलेली. हितं अंग भिजाया पाणी न्हाई, म्हणून पांढरी ऱ्हायलीत."

"सही झाली आहे," मी म्हणालो.

"मग कानाचं काय?"

मी पुढ्यातली नोंदवही उघडली.

त्याच संध्याकाळी अध्यक्षांनी त्याला बोलावून घेतले. मीही तिथे होतो. त्याच्या कायम नेमणुकीचा कागद तालुक्याला पडून होता आणि तो कोणाच्या शब्दाने हलेल, हे सर्वांना ठाऊक होते.

"उद्या तपासणी हाय. तोंड उघडायचं न्हाई. म्हैन्यात तुला कायम करतो."

"न्हाई उघडत, चेअरमनसाहेब."

दुसऱ्या दिवशी जिल्ह्याचे अधिकारी आले. अध्यक्षांनी एका हाताने हार घातला, दुसऱ्या हाताने नाकाला रुमाल लावला. अधिकाऱ्यांनी एखादे जनावर धरून दाखवायला सांगितले. सभासद एकमेकांकडे पाहू लागले. परिचर पुढे झाला आणि त्याने एक डुक्कर गुडघ्यांत आवळून धरले.

त्याने शब्द पाळला. ओठ घट्ट मिटलेले होते. पण हात सवयीने वर गेला, दोन बोटांनी कान धरला, उन्हाकडे केला. त्याचा एक डोळाही मिटला.

"काय पाहता?" अधिकाऱ्यांनी विचारले.

त्याने मान हलवली आणि कान झटकन सोडला. पण आता अधिकारी स्वतः वाकले. त्यांनी तोच कान चिमटीत धरला. त्यांची बोटे करडी झाली आणि कानावर, जिथे ती टेकली होती, तिथे काळे चकचकीत ठसे उमटले.

बोलले ते फक्त डुक्कर.

अधिकाऱ्यांनी बोटे पुसली, माझा दाखला वाचला आणि ते अध्यक्षांच्या वाड्यावर जेवायला गेले. अहवालात आले ते असे: 'अवर्षणामुळे वर्णात तात्पुरता फरक संभवतो. जनावरे दाखल्याप्रमाणे आहेत.' शेवटी आणखी एक ओळ होती: 'परिचराने जनावर अयोग्य रीतीने हाताळले.' पुढच्या सोमवारपासून हजेरीपटावर त्याचे नाव नव्हते. संस्थेला पुढे प्रशस्तिपत्र मिळाले.

मी त्या दिवशी बोलू शकलो असतो. बोललो नाही.

तो दवाखान्याची किल्ली द्यायला आला तेव्हा म्हणाला, "तोंड उघडलं न्हाई, साहेब. तुमी बघितलं न्हवं?"

"बघितलं."

"हात ऐकंना."

दिवाळीनंतर आष्टीच्या स्टँडजवळ ऊसतोडीचा एक ट्रक उभा होता. वर वळकट्यांवर तो, त्याची बायको आणि ते कुत्रे बसले होते. आढ्याचा कोयता बायकोच्या पायाशी होता. त्याने मला पाहून रामराम केला. मी जवळ गेलो. कुत्र्याकडे बोट करून विचारले, "कान उठला का?"

"आता कशाचा उठतोय, साहेब."

ट्रक हलला. त्याने कुत्र्याचा तो पडका कान दोन बोटांत धरून उन्हाकडे केला आणि एक डोळा मिटला. अकरा वर्षांत पहिल्यांदाच मीही खालून त्या कानाकडे पाहत होतो. कानातून ऊन लालसर उतरले होते. शिरा स्पष्ट दिसत होत्या.