सात घरं आणि एक संच

सुरतच्या उधन्यातल्या खाडीकाठच्या वस्तीत मी एका निरपराध माणसाच्या कानाखाली वाजवली. ती दुपार अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

मी सातवी शिकलेला. पोलिसात शिपाई म्हणून लागलो, जमादार म्हणून निवृत्त झालो. लिहिणं माझं काम नाही, पण हे लिहिल्याशिवाय चैन पडत नाही.

त्या वर्षी श्रावणात खाडीचं पाणी घरांत शिरलं. भांडी-अंथरुणं वाहून गेली. सरकारनं घरसामानाचा संच जाहीर केला: भांडी, शेगडी, चादरी, ताडपत्री. एका चुलीला एक संच. पाहणी आठवड्याभरात झाली, संच आले दिवाळी उलटल्यावर. तोवर लोक ओल्या भिंतींना पाठ लावून झोपले. वाटपाचं काम वस्तीतल्याच, यंत्रमागाच्या कारखान्यातल्या एका मुकादमाकडे दिलं होतं.

एके दिवशी आमच्या पानवाल्यानं खबर दिली, "जमादार, मुकादम छह संच खा गया. सात घर में एकच दिया."

मोठे साहेब म्हणाले, "संध्याकाळपर्यंत गुन्हा दाखल करा."

दोन पंच घेऊन मुकादमाच्या घराची झडती घेतली. काही मिळालं नाही. मग त्याला नळापाशी उभा केला.

"कुठं विकलेस?"

"साहेब, यादीत होतं तेवढं दिलं. वाटल्यास यादी बघा."

"मला यादी शिकवतोस?" म्हणून मी हात उचलला. सगळी गल्ली बघत होती. चार दिवसांनी त्याच्या मुलीचा साखरपुडा होता आणि होणारे व्याही त्याच गल्लीतले. गुन्हा दाखल झाला असता, तर सोयरीक मोडलीच असती.

चौकीत जबाब लिहिताना मात्र मला एक गोष्ट खुपली. तक्रार करणारी सातही घरं एकाच आडनावाची, चुलतभाऊ-भाऊ. चोरणारा माणूस हाताला लागेल ते उचलतो, एकच भावकी कशाला धरून बसेल? मुकादमाला तिथंच बसवून मी कचेरीत गेलो आणि पाहणीचा मूळ कागद काढायला लावला. त्यावर त्या आडनावापुढे लिहिलेलं: चूल एक, माणसं एकतीस.

पाहणीवाला कारकून शपथेवर सांगायला लागला, "साहेब, मैंने खुद देखा. एक ही चूल्हे पे सबका खाना बनता था. बूढ़ी माँजी बोली, हम सब एक हैं." कागदावरचा वार रविवार. पुरामुळं त्यांना सुट्टी नव्हती.

हा माणूस खोटं बोलत नव्हता. मुकादमही नव्हता आणि सात घरंही नव्हती. मग खोटं कोण? डोकं चालेना. घरी जेवायला गेलो, बायकोला सगळं सांगितलं. ती भाकरी वाढता वाढता हसली.

"तो रविवार कोनता व्हता, याद शे का? कानबाई बठेल व्हती. त्या दिन कोन सांगी, आमनी चूल न्यारी शे म्हनीसन?"

माझा घास हातातच राहिला. मी धुळ्याचा, ती सात घरंही खानदेशातलीच, तरी मला सुचलं नाही. आमच्या खानदेशात श्रावणातल्या एका रविवारी कानबाई देवी बसते, तेव्हा वेगळी झालेली सगळी भावकी एका घरी जमते. नैवेद्याचा रोट एकाच चुलीवर शिजतो. त्या दिवशी 'आम्ही वेगळे' हा शब्द तोंडातून काढत नाहीत. मी मात्र दरवर्षी बंदोबस्ताला. मुकादम जालन्याकडचा, त्याला हे कुठून ठाऊक असणार?

तसाच त्या म्हातारीकडे गेलो.

"व्हय, मीच सांगं," ती म्हणाली. "कानबाई पुढे बठेल, आनि मी म्हनू आम्ही न्यारा शेतस?"

"अहो आजी, तो मदतीचा कागद होता!"

"कोनी सांगं? आम्हले वाटनं, दवा वाटाले माणसं मोजी ऱ्हायना. आनि तू बी खानदेशना ना रे, जमादार? मुकादमले मारा पहिले तरी इचारतास!"

तिचा जबाब घेतला, मुकादमाला सोडलं. फेरपाहणीचा कागद वर पाठवला. सहा संच यायला पुढे उन्हाळा लागला, ते वेगळंच.

सोडताना मुकादमाला म्हणालो, "चूक झाली."

तो म्हणाला, "इथं कशाला सांगता साहेब? मारलं तर नळापाशी होतं."

दुसऱ्या सकाळी पाणी भरायच्या वेळी वर्दीत गेलो आणि सगळ्यांसमोर त्याला हात जोडले. त्याचे होणारे व्याही बादली घेऊन रांगेत होते. त्यांनी बादली खाली ठेवली, मुकादमाच्या खांद्यावर हात टाकला. "चला व्याही, चहा घेऊ." माझ्याकडे बघितलंही नाही. बरोबरच केलं.

त्यानंतर कुणाचाही जबाब घेताना मी आधी विचारायचो, त्या दिवशी तुमच्या घरी काय होतं? सण, सुतक, पाहुणा, आजारपण. माणूस तोच असतो, पण दिवस बघून वेगळं बोलतो, आणि त्यात खोटेपणा नसतो. हे मला खात्यानं शिकवलं नाही.

अहवालात मी लिहिलं, 'चौकशीअंती निष्पन्न झाले.' 'जेवताना बायकोनं सांगितलं' एवढं लिहायची मला लाज वाटली. साहेबांनी शाबासकी दिली, ती मी घेतली. घरी येऊन तिला ते सांगितलंसुद्धा नाही. तिला जाऊन आठ महिने झाले. मुकादमाला हात जोडले, तिला जोडायचे राहून गेले.